बोटें झडतात काय?

मराठी भाषेंत महारोगाविषयीं बोलतांना रोग्याचीं बोटें ‘झडतात’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. पान झडतें, फूल झडतें, मोहोर झडतो, तसेंच महारोग्याचें बोटही झडतें, असा ह्या क्रियापदाचा भाव. त्यास कोणी करणारा लागत नाहीं, कांहीं निमित्त लागत नाहीं, आणि अडविणाराही कोणी संभवत नाहीं. आमच्या मतें ह्या एका अकर्मक क्रियापदांत संपूर्ण वैद्यकीय सिद्धान्त दडून बसलेला आहे. तो असा कीं, ह्या रोगांत मांस आपोआप कुजतें आणि अवयव आपोआप गळून पडतात. हा समज केवळ अडाणी लोकांचा होता असें मात्र कोणी समजूं नये. १९४० च्या सुमारास वैद्यकाची उत्तम पदवी घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरासही तो बहुधा तितकाच मान्य असे. तो खोटा आहे हें कोणत्या रीतीनें कळलें, आणि कळावयास इतका विलंब कां लागला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हांस करावयाचा आहे.

हा वाद नुसत्या पांडित्याचा नव्हता. बोट आपोआप झडत असेल, तर वाकडा झालेला हात सरळ करण्याच्या भरीस कोणत्याही शस्त्रवैद्यानें पडूं नये हेंच शहाणपणाचें. आज सुधारलेला हात उद्यां झडणारच. कुष्ठरोग्याची जखम भरत नाहीं हें ठरलेलेंच असेल, तर त्याला शस्त्र लावणें म्हणजे एका व्रणाचे दोन करणें. अशा स्थितींत रोग्याला दूर ठेवावें, त्यास अन्नवस्त्र द्यावें आणि त्याच्या शेवटाची वाट पाहावी, एवढेंच उरतें. मुंबईस म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास आश्रम निघाला, त्यांत दया होती, उपाय नव्हता. पुढें १८९८ च्या कायद्यानें निर्धन कुष्ठरोग्यास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला, आणि तो कायदा केंद्राच्या कायदेग्रंथांतून २०१६ सालीं गेला. एखाद्या चुकीच्या कारणमीमांसेचें आयुष्य किती दीर्घ असूं शकतें, हें ह्यावरून दिसेल.

रोगाचीं लक्षणें आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हतीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत कुष्ठाच्या वर्णनांत त्वचेची बधिरता आहे, हाताचें वांकडेपण आहे, नाक बसणें आहे. बधिरता आणि अंगहानि हीं दोन्हीं लक्षणें एकाच प्रकरणांत शेजारीं शेजारीं उभीं आहेत. परंतु शेजार म्हणजे नातें नव्हे. पहिल्यामुळें दुसरें होतें असें म्हणावयास आणखी कांहीं शतकें जावीं लागलीं.

अर्वाचीन शोधाचा प्रारंभ नॉर्वे देशांतील बर्गेन शहरीं झाला. तेथें डॅनिएलसन व ब्योक ह्या दोघा वैद्यांनीं १८४७ सालीं ह्या रोगावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून गांठींचा आणि बधिरतेचा असे त्याचे दोन प्रकार स्पष्टपणें निराळे केले. रोग आनुवंशिक आहे अशी डॅनिएलसनची पक्की समजूत होती. संसर्गाची कल्पना खोडून काढण्यासाठीं त्यानें रोग्याच्या अंगांतील द्रव्य स्वतःस व आपल्या सहकाऱ्यांस टोंचून घेतलें. कोणासही रोग झाला नाहीं. प्रयोग धाडसाचा, निष्कर्ष चुकीचा! बहुसंख्य माणसांच्या अंगीं ह्या रोगास तोंड देण्याची शक्ति उपजतच असते. मूठभर माणसांस रोग झाला नाहीं एवढ्यावरून तो कोणासच होत नाहीं असें ठरत नाहीं.

त्याचाच जावई हान्सेन. त्यानें १८७३ सालीं रोग्याच्या गांठींत काड्यांसारखे जंतु पाहिले आणि हेच रोगाचें कारण असें प्रतिपादन केलें. मात्र पाहणें निराळें व सिद्ध करणें निराळें. जंतूवर रोगाचा आरोप ठेवावयाचा तर तो शरीराबाहेर वाढवून दाखवावा, आणि मग निरोगी प्राण्यांत घालून तोच रोग उत्पन्न करावा, अशी कसोटी पुढें कॉख याच्या नांवानें रूढ झाली. हान्सेनचा जंतु ह्या कसोटीस उतरेना. कृत्रिम खाद्यावर तो आजतागायत वाढलेला नाहीं. हातघाईस येऊन हान्सेननें १८७९ सालीं रुग्णालयांतील एका स्त्रीच्या डोळ्यांत दुसऱ्या रोग्याच्या गांठीचें द्रव्य टोंचलें. तिची संमति घेतली नव्हती. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १८८० सालीं त्याची रुग्णालयांतील जागा गेली. थोर शास्त्रज्ञाच्या जिज्ञासेसही रोग्याच्या इच्छेची मर्यादा आहे, असें न्यायाधीशानें सांगितल्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकीं हें एक होय. पुढील कथेंत रोग्याच्या इच्छेस जें स्थान मिळालें त्याच्याशीं वाचकांनीं हें ताडून पाहावें.

हान्सेननंतर सत्तर वर्षें संशोधकांची दृष्टि जंतूवर खिळून राहिली. १९४३ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथील रुग्णालयांतून सल्फोन वर्गाच्या औषधाच्या गुणाचा वृत्तान्त आला. १९६० सालीं शेपर्ड यांनीं उंदराच्या पावलांत जंतु वाढवून दाखविला. १९८२ च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित योजना आली आणि आज रोग निश्चित बरा होतो. हें कार्य अनमोल आहे. तथापि ह्या सर्वांतून बोट कां जातें ह्या प्रश्नाचें उत्तर निघालें नाहीं, आणि निघण्याचा संभवही नव्हता. जंतु कोठें आहे हें सूक्ष्मदर्शक यंत्र सांगतें. रोगी रात्रीं कोठें निजतो हें तें सांगत नाहीं. शिवाय जंतु मेला तरी मेलेला मज्जातंतु परत येत नाहीं, त्यामुळें औषधानें बऱ्या झालेल्या माणसाच्या पुढेंही हा प्रश्न उभाच राहतो.

उत्तर निघालें तें दक्षिण हिंदुस्थानांत. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालीं मद्रास इलाख्यांतील कोल्ली डोंगरांत एका मिशनरी दांपत्याच्या पोटीं झाला. शस्त्रवैद्यकाचें शिक्षण लंडनमध्यें घेऊन ते १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. पुढच्याच वर्षीं चिंगलपट येथील लेडी विलिंग्डन आश्रम पाहण्याचा योग आला. आश्रमाचे प्रमुख रॉबर्ट कॉक्रेन हे त्वचेचे तज्ज्ञ. इतक्या हातापायांची अशी दैना होत असतां अस्थिशास्त्रज्ञांपैकीं एकानेंही तिकडे लक्ष कां देऊं नये, असा त्यांचा सवाल होता. ब्रँड यांनीं एका रोग्याचा आंत वळलेला हात हातांत घेऊन दाबावयास सांगितला. अशक्त हाताचा दुबळा स्पर्श होईल ही अपेक्षा; प्रत्यक्षांत त्या पकडीनें ब्रँड यांनाच वेदना झाल्या. ह्या हातांत जिवंत आणि बळकट स्नायु होते! मग हात वांकडा कां?

येथून शोधास आरंभ झाला. ग्रंथालयें धुंडाळून पाहिलीं तर कुष्ठरोग्यांच्या हाडांसांध्यांविषयीं लिहिलेलें जवळजवळ कांहींच नव्हतें. तेव्हां रोग्यांच्या हातांची स्नायूवार तपासणी करण्यांत आली: कोठला स्नायु चालतो, कोठला चालत नाहीं, कोठें पिसाचा स्पर्श कळतो, कोठें सुईही कळत नाहीं. हानि वाटेल तशी विखुरलेली नव्हती, तिला एक ठराविक आकृति होती. तळहातांतील बारीक स्नायु गेलेले, पण कोपराखालचे बोटें वाकविणारे मोठे स्नायु शाबूत, असें पुनःपुन्हां दिसून आलें. त्याचा उलगडा मृत रोग्याच्या विच्छेदनानें झाला. चिंगलपटास एका रोग्याचा देहान्त झाला असतां ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रात्रभर बसून त्याचे हातापायांचे मज्जातंतु आरंभापासून शेवटपर्यंत उघडे केले. तंतु सर्वत्र सारखे सुजलेले नव्हते. कोपराच्या मागें, मनगटाजवळ, गुडघ्याच्या बाजूस, घोट्याजवळ, अशा मोजक्या ठिकाणींच ते फुगलेले होते, आणि हीं सर्व ठिकाणें कातडीस लागून असलेलीं, म्हणून शरीराच्या इतर भागांपेक्षां थंड. जंतूला थंडावा मानवतो ही गोष्ट पुढें उंदराच्या पावलांतील प्रयोगांनींही पुष्ट झाली.

ह्याचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. ज्या स्नायूस सुजेच्या वरच्या बाजूनें शाखा मिळते तो स्नायु रोगांत वांचतो. म्हणून त्याची कंडरा उचलून मेलेल्या स्नायूच्या जागीं जोडली तर ती पुढेंही दगा देणार नाहीं. ही युक्ति पोलिओच्या रोग्यांवर व युद्धांत जखमी झालेल्यांवर आधींच वापरण्यांत येत होती. बोट वाकविणाऱ्या दोन कंडरांपैकीं एक काढून घेऊन तिच्याकडून बोट सरळ करण्याचें काम घ्यावयाचें. १९४८ सालीं वेल्लोरास अशी पहिली शस्त्रक्रिया झाली. जखम भरली. कुष्ठरोग्याचें मांस भरत नाहीं हा सिद्धान्त पहिल्याच पायरीवर डळमळला.

परंतु कंडरेपेक्षां बोटांच्या तुकड्यांचा प्रश्न अवघड होता. विकृतिशास्त्रज्ञांनीं आखूड झालेल्या बोटांचें मांस तपासलें, तों त्यांत बोट गळून पडावें असें कांहींच विशेष सांपडेना. तेव्हां ब्रँड यांनीं प्रयोगशाळा सोडली, किंवा खरें म्हणजे रोग्याचें राहतें घरच प्रयोगशाळा केलें. वेल्लोरास रुग्णालयाच्या आवारांत मातीच्या कांहीं झोंपड्या बांधून तरुण रोग्यांची एक वसाहत करण्यांत आली. तिला नवजीवन केंद्र असें नांव मिळालें. तेथें मुलें सुतारकामासारखे धंदे शिकत. शोधाचा नियम एकच होता. अंगावर नवी जखम दिसली कीं तिचें कारण सांपडेपर्यंत मागें जावयाचें. ‘रोगामुळें’ हें उत्तर चालणार नाहीं.

ह्या नियमानें जें बाहेर आलें तें वाचून आम्ही थक्क झालों. गंजलेल्या कुलुपाची किल्ली ब्रँड यांना फिरेना, ती एका लहान मुलानें सहज फिरविली. त्याच्या बोटाकडे पाहिलें तर किल्लीच्या कडेनें तें हाडापर्यंत कापलें होतें आणि मुलाला त्याची वार्ताही नव्हती. सकाळीं उठल्यावर बोटांच्या सांध्यांवर फोड आलेले दिसत, त्याचें कारण निजण्यापूर्वीं कंदील मालवितांना तापलेल्या कांचेस लागलेला हात. हातोडी, करवत धरतांना मूठ किती आंवळावी हें सांगणारी संवेदनाच नसल्यामुळें तीं मुलें गरजेपेक्षां अधिक जोरानें धरीत आणि हात सोलवटून घेत. इतकें झाल्यावरही कांहीं प्रसंग उरले. रात्रीं शाबूत असलेल्या बोटाचा तुकडा सकाळीं नाहींसा, रक्ताचा डागही फारसा नाहीं. येथें तरी ‘झडणें’ खरें ठरावें अशीच परिस्थिति! शेवटीं रात्रीं जागून पहारा केला, तेव्हां दिसलें कीं एक उंदीर येतो, हुंगतो, आणि निजलेल्या माणसाचें बोट कुरतडूं लागतो. माणूस जागा होत नाहीं. त्यानंतर रुग्णालयांतून घरीं जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याचा परिपाठ पडला.

मांजर हें वैद्यकीय साधन म्हणून कोणत्याही पाठ्यपुस्तकांत सांपडणार नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस संशोधन कशाला म्हणतात असें विचारलें तर ते नळ्या, यंत्रें आणि पांढरे अंगरखे ह्यांचें वर्णन करतात. रात्रीं झोंपडींत जागत बसणें हें त्यांच्या उत्तरांत कधींच येत नाहीं. परंतु ह्या शोधांत निर्णायक साधन तेंच होतें. आणि दुसरें असें कीं, हा शोध एकट्या डॉक्टरास लागणें शक्यच नव्हतें. प्रत्येक मुलानें आपला दिवस आठवून सांगितला, लाज न धरतां जखम दाखविली, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवली, म्हणून साखळी जुळली. बर्गेनच्या त्या स्त्रीवर प्रयोग झाला होता. येथें रोगी स्वतः शोधकांच्या पंक्तींत बसला.

पायांच्या व्रणांची गोष्ट ह्याहून अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी अशी आहे. तळव्यास पडलेलें भोंक वर्षानुवर्षें भरत नाहीं, हा तर झडण्याच्या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा मानला जाई. पण व्रणाचा पाय प्लॅस्टरांत बंदिस्त करून ठेवला तर तो भरून येतो, हें १९३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतच जोसेफ खान यांनीं पाहिलें होतें, आणि ब्रँड यांनीं ती रीत उचलली. आंत जंतु तेच, रोगी तोच, रक्त तेंच. बदललें एवढेंच कीं चालतांना त्या जागेवर पडणारा भार गेला. एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, ह्याहून सरळ प्रयोग कोणता? व्रण भरला, म्हणजे न भरण्याचें कारण रोग नसून चालणें होतें. निरोगी माणूस दुखऱ्या पायावर लंगडतो आणि त्या जागेस विश्रांति मिळते. ह्या रोग्यांस दुखतच नाहीं, म्हणून ते लंगडत नाहींत.

येथें एक अपवाद नमूद केला पाहिजे, नाहींतर नव्या सिद्धान्ताचाही जुन्यासारखाच अतिरेक होईल. नाक बसतें तें जखमेनें नव्हे. नाकाच्या अस्तरांत जंतूंची प्रत्यक्ष वस्ती असते आणि तेथील हानि रोगाचीच असते. डोळ्यांचेंही कांहीं अंशीं तसेंच. बधिरतेच्या एका किल्लीनें सर्व कुलपें उघडत नाहींत.

शस्त्रक्रियेच्या फलाविषयीं मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. सांध्यांचे अंश मोजले, छायाचित्रें घेतलीं, हात सरळ झाला असें कागदावर सिद्ध झालें. परंतु बरे होऊन गेलेल्यांपैकीं कांहीं तरुण परत आले ते तक्रार घेऊन: हे हात भीक मागावयास निकामी आहेत! वांकडा हात पाहून लोक पैसा टाकीत. सरळ हाताला कोणी भीक घालीत नाहीं, आणि व्रणांच्या खुणा पाहून कोणी कामही देत नाहीं. तेव्हां शस्त्रक्रिया यशस्वी कीं अयशस्वी? हा प्रश्न पुनर्वसनाच्या शास्त्राचा गाभा आहे, असें आम्हांस वाटतें. ज्या नवजीवन केंद्राची हकीकत वर दिली तें मुळांत ह्याच तक्रारीच्या पोटीं जन्मास आलें; जखमांचा शोध ही त्याची दुसरी, कदाचित् अनपेक्षित, फलश्रुति होय.

आतां ह्या रीतीची दुसरी बाजू. ज्या १९४८ सालीं वेल्लोरास पहिला हात सरळ झाला, त्याच सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. क्षयाचे १०७ रोगी. कोणास औषध द्यावयाचें हें डॉक्टराच्या मर्जीवर न ठेवतां बंद पाकिटांतील यदृच्छेनें ठरविलेल्या क्रमावर सोंपविलेलें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ दगावले. नुसती विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. ब्रॅडफर्ड हिल यांच्या गणिती शिस्तीनें वैद्यकांतील वादांना एक न्यायाधीश मिळाला. वेल्लोरच्या शोधांत असा न्यायाधीश नव्हता. शस्त्र चालविणाराच फळ मोजतो, तेव्हां आपल्या हातून बरें झालेलें त्यास अधिक स्पष्ट दिसतें, हा मनुष्यस्वभाव आहे; आणि जे रोगी परत येत नाहींत त्यांचे हात कोणी मोजीत नाहीं. आमचें मत असें कीं, कंडरेच्या शस्त्रक्रियेच्या निरनिराळ्या तऱ्हांत कोणती सरस हें ठरविण्यास हिलची रीत असती तर बरें झालें असतें. परंतु उंदराचा शोध त्या रीतीनें लागला नसता. दोन गटांची तुलना करावयास आधीं तुलनेचा विषय हातीं असावा लागतो, आणि तो हातीं येण्यास कोणी तरी जागावें लागतें. शिवाय मरण मोजणें सोपें आहे; हाताचें सुख मोजणें सोपें नाहीं, आणि मसाज करणाऱ्यापासून कोणत्या गटास मसाज मिळत आहे हें लपवितांही येत नाहीं.

वेल्लोरच्या ह्या कार्यांतून ज्या व्यक्ति पुढें आल्या त्यांत मेरी व्हर्गीस यांचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. १९५४ सालच्या मोटार अपघातांत कमरेखालचें अंग लुळें पडल्यावर त्यांनीं चाकाच्या खुर्चींत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेंत पुनर्वसनवैद्यकाचें शिक्षण घेतलें, आणि वेल्लोरास १९६६ सालीं निघालेल्या पुनर्वसन संस्थेच्या त्या आधार झाल्या. आपल्या प्रांतीं मनोहरपंत दिवाणांचें वर्ध्याजवळील दत्तपूर १९३६ पासून, शिवाजीराव पटवर्धनांचें अमरावतीचें तपोवन १९४६ पासून आणि बाबा आमट्यांचें वरोऱ्याजवळील आनंदवन १९५१ पासून, ह्या संस्थांनीं रोग्याच्या हाताला काम दिलें. पुण्यास कोंढव्याच्या रुग्णालयांत आणि मुंबईस जे. जे. रुग्णालयांत नोशीर अंतिया यांनीं त्याच हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रवैद्याची नजर फिरविली.

ब्रँड १९६६ सालीं कारव्हिलला गेले. तेथें पैसा होता, यंत्रें होतीं, आणि एक मोठा फसलेला प्रयोगही तेथेंच झाला. दुःख कळत नाहीं हाच रोग, तर कृत्रिम दुःख निर्माण करावें, अशी कल्पना. हातमोजांत व पायमोजांत दाब मोजणारीं यंत्रें बसविलीं. दाब वाढला कीं कानांत आवाज. रोग्यांनीं आवाजाकडे दुर्लक्ष केलें. मग शाबूत असलेल्या भागास विजेचा झटका देण्याची योजना केली. तेव्हां काम अडूं लागलें कीं रोगी कळ बंद करून टाकी. कांहीं वर्षांच्या खटपटीनंतर तो नाद सोडण्यांत आला. जें दुःख आपल्या इच्छेनें थांबवितां येतें तें राखण करीत नाहीं, असा त्याचा अर्थ ब्रँड यांनीं लावला. ही अयशस्वी हकीकत त्यांनीं स्वतःच्या पुस्तकांत सविस्तर छापली, हें आम्हांस विशेष वाटतें. अपयशाचे वृत्तान्त दडपण्याकडे संशोधकांचा कल असतो.

दुसरे प्रयोग फळास आले. भूल दिलेल्या उंदराच्या तळव्यावर सौम्य दाब दिवसाला हजारों वेळां दिला, तर पहिल्या दिवशीं थोडी सूज येते, आणि रोज तसेंच चालू ठेवलें तर कांहीं दिवसांत कातडी फुटून व्रण पडतो. एकच जबर घाव लागत नाहीं. बारीक घाव पुरतात, मात्र ते न थांबतां पडत राहिले पाहिजेत. रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेले मोजे घालून रोगी चालला कीं जेथें दाब अधिक तेथें कुप्या फुटून डाग उमटे. व्रण पुढें कोठें पडेल तें त्यावरून आधींच सांगतां येई. फुटणारी जागा फुटण्यापूर्वीं गरम लागते, हेंही तेथें दिसलें, आणि तें पाहावयास हाताचा तळवा पुरेसा होतो.

ब्रँड २००३ सालीं वारले. कारव्हिलचें रुग्णालय त्यापूर्वींच, १९९९ सालीं, तेथून हललें होतें. पण तेथील डॉक्टरांच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती कीं, मधुमेहाच्या रोग्याचें पाऊल आणि कुष्ठरोग्याचें पाऊल ह्यांत व्रणाच्या दृष्टीनें फारसा फरक नाहीं. मधुमेहांतही मज्जातंतु मरतात, आणि तेथेंही ‘साखरेमुळें पाय कुजला’ असें म्हणून पाय कापण्याची घाई होत असे. रक्ताचा पुरवठा कमी झालेला पाय निराळा, तो खरोखर कुजतो. परंतु ज्याची नाडी लागते आणि तरीही तळव्यास भोंक आहे, असा पाय बहुधा चालण्यानें फुटलेला असतो. त्यास प्लॅस्टर लागतें, किंवा मऊ रबराच्या तळाचा जोडा. १९८० नंतरच्या दशकांत कारव्हिलच्याच मंडळींनीं नायलॉनच्या धाग्याची कसोटी ठरविली. दहा ग्रॅम भार पडला कीं वांकणारा तो धागा तळव्यास टेंकवावयाचा. ज्याला तो कळत नाहीं त्याच्या पायाची राखण आतां त्याच्या डोळ्यांनीं करावयाची. पुण्यामुंबईच्या मधुमेहाच्या दवाखान्यांत आज हाच धागा वापरतात. धागा न कळलेल्या माणसास सांगण्यांत येतें कीं, अनवाणी चालूं नये, जोड्यांत पाय घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून खडा आहे काय तें पाहावें, आणि रोज संध्याकाळीं आरशांत आपला तळवा पाहावा.